पंपाचा हुंकार

एका जंगलात, बाळांनो, नदीला लागून एक पाणमांजरांचं घर होतं. दाराबाहेर भली मोठी नदी आणि तिच्यात हवे तेवढे मासे. तरी घरात एक काचेची पेटी होती. पेटीत पाणी होतं, पाण्यात मासे होते. आणि ते मासे खायचे नव्हते, नुसते बघायचे होते!

हसू नका. मोठे झालात की तुम्हीही आणाल.

पेटी आणली नीरोपंतांनी. नीरोपंत म्हणजे त्या घरातले कर्ते पाणमांजर. "कोल्ह्याच्या दिवाणखान्यात आहे, मग आपल्या का नको?" असं म्हणून त्यांनी ती ओसरीवर मांडली. नेमकी तिथे, जिथे त्यांच्या आईचा, तापीबाईंचा, झोपाळा होता. झोपाळा निघाला, पेटी बसली, आणि त्या दिवसापासून मायलेकांचं बोलणं बंद झालं.

तापीबाई पेटीच्या अलीकडे, तिच्याकडे पाठ करून बसायच्या. नीरोपंत पलीकडे. मधे मासे.

हाल होत ते सुनेचे, इंद्रायणीबाईंचे.

"त्याला सांग, चहा निवतोय."

"तिला सांग, मला नकोय."

"त्याला सांग, नको तर नको."

इंद्रायणीबाई बिचाऱ्या शेपूट सावरत पेटीला प्रदक्षिणा घालायच्या. देवाला इतक्या घातल्या असत्या तर तो केव्हाच पावला असता.

शेवटी त्यांनी देवीलाच साकडं घातलं. "जिवतीआई, श्रावणातल्या दर शुक्रवारी तुझी कहाणी सांगेन. मला दागिना नको, काही नको. या मायलेकांना तेवढं बोलतं कर."

आता या वशाचा, म्हणजे व्रताचा, एक नियम होता. कहाणी एकटीनं वाचायची नाही. समोर कुणीतरी बसायचं, मुठीत अक्षता धरायच्या आणि वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं. हुंकार तुटला तर कहाणी तुटली. कहाणी तुटली तर वसा फुकट.

पहिल्या शुक्रवारी शेजारच्या काटेवहिनी आल्या. काटेवहिनी म्हणजे साळिंदर, स्वभावानं मऊ. इंद्रायणीबाईंनी डोळे मिटून पाठ केलेली कहाणी सुरू केली.

"आटपाट नगर होतं."

"हूंऽऽ."

"तिथे एक राजा होता."

"हूंऽऽ."

इतका भरघोस, न थकणारा हुंकार त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्यांचा ऊर भरून आला. कहाणी संपली, डोळे उघडले, आणि बघतात तर काय! काटेवहिनी भिंतीला टेकून गाढ झोपलेल्या. अक्षता मांडीवर सांडलेल्या. 'हूंऽऽ' मात्र चालूच.

हुंकार देत होता पेटीचा पंप.

तुम्हाला पंप माहीत नसेल, म्हणून सांगते. काचेची पेटी लाकडी कपाटावर ठेवलेली असते. पेटीतलं पाणी खाली कपाटातल्या छोट्या टाकीत उतरतं आणि तिथे गाळलं जातं. ते पुन्हा वर चढवतो तो पंप. हा पंप दिवसभर असा गुरगुरायचा, की ओसरीवर हळू बोललेलं कुणाचं कुणाला ऐकू येत नसे.

"मला बाई अंगाईच वाटली," काटेवहिनी ओशाळून म्हणाल्या.

इंद्रायणीबाई बगळेभटजींकडे धावल्या. "भटजीकाका, पंपाचा हुंकार चालतो का हो?"

बगळेभटजी एका पायावर उभे राहून विचार करू लागले. विचार करताकरता त्यांनी एक मासा गिळला. मग म्हणाले, "नाही चालत. ज्याला मुळी झोपच येत नाही, त्याच्या जागण्याला पुण्य कसलं? तो आवाज बंद करा आणि पुढचे शुक्रवार नीट पार पाडा. देवी सांभाळून घेईल."

झालं! इंद्रायणीबाई आवाजाच्या मागे लागल्या.

"अगं, तो आवाज नाही," नीरोपंत मिशा पुसत म्हणाले, "श्रीमंती आहे ती. कोल्ह्याचा पंप तर याहून मोठ्यानं ओरडतो."

तरी त्या हटून बसल्या, तेव्हा सुतारपक्ष्याला बोलावलं. त्यानं कपाटाला कान लावला, चोच लावली आणि म्हणाला, "कपाट ढिलं आहे." मग त्यानं खिळ्यांवर खिळे ठोकले. कपाट असं आवळलं गेलं, की आता ते हलगीसारखं घुमू लागलं. काठावरची बेडकं तक्रार घेऊन आली. बेडकं, बरं का!

मग अस्वलानं सल्ला दिला. "गोधडी गुंडाळा वहिनी. मी थंडीत तेच करतो." कपाटाला गोधडी गुंडाळली. आवाज दबला, पण कपाटात उकडायला लागलं. पाणी कोमट झालं आणि मासे वर येऊन आ वासू लागले. नीरोपंतांच्या तोंडाला पाणी सुटलं. गोधडी घाईघाईनं काढावी लागली.

शुक्रवार पुन्हा उजाडला. इंद्रायणीबाईंनी पंपालाच हळदकुंकू वाहिलं. "बाबा रे, तुझंही काही दुखत असेल. एकदा सांग तरी."

पंप म्हणाला, "हूंऽऽ."

त्यांनी टाकीत हात घालून त्याला जरासा उचलला. आणि काय आश्चर्य! आवाज अगदी बारीक झाला. खाली ठेवला, की पुन्हा गुरगुर. पुन्हा उचलला, की गप्प.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "याला बसायला पाट नाही होय!"

त्यांनी वीज बंद केली. भांडी घासायचा कोरा करकरीत स्पंज पंपाखाली सरकवला. नळी कपाटाच्या भोकाला घासत होती, तिथे जुन्या लुगड्याची मऊ चिंधी गुंडाळली. खालच्या टाकीतलं पाणी उतरलं होतं आणि पंप पाण्याबरोबर हवाही ओढत होता, म्हणून टाकी भरली. मग हात जोडून वीज सुरू केली.

पाणी वर चढू लागलं. पंप गप्प. ओसरीवर अशी शांतता पसरली, की काटेवहिनींच्या मुठीतल्या अक्षतांची करकर ऐकू आली.

इंद्रायणीबाईंचे डोळे पाणावले. त्यांनी कहाणी सुरू केली.

"आटपाट नगर होतं."

"हूं," काटेवहिनी टक्क जाग्या होत्या.

"तिथे एक राजा होता."

तेवढ्यात पेटीच्या अलीकडून, ठणठणीत आवाजात, शब्द आले, "झोपाळा नेलान मेल्यानं. आता माझी हाडं ने आणि त्यात मासे सोड!"

पेटीच्या पलीकडून त्याच क्षणी शब्द आले, "बसलीय तोंड फुगवून! माशांचीही तोंडं बरी दिसतात."

बाळांनो, असं होतं बघा. मायलेकांचं बोलणं काही बंद नव्हतंच. दोघंही रोज दिवसभर पुटपुटत होती. पंपाच्या आवाजात कुणालाच ऐकू जात नव्हतं, एवढंच.

"काय म्हणालास रे नीऱ्या?"

"तू काय म्हणालीस आधी?"

"बोलेन! तोंड आहे मला! उपाशी मारलेस ते मासे. मी रोज चिमूटभर घालते म्हणून जगलेत!"

"तू घालतेस? मी घालतोच की! तरी म्हटलं, एवढे फुगतात कसे!"

"फुगतील! आईनं भरवलेलं अंगी लागतं. तुझ्या लागलं नाही, ते सोड!"

इंद्रायणीबाई कहाणी सोडेनात. वसा आहे! त्या आवाज चढवत राहिल्या. "राजाला दोन राण्या होत्या!"

"हूं! हूं!" काटेवहिनी मान पेटीकडे वळवून, काटे फुलवून हुंकार देत होत्या. कहाणीला की भांडणाला, ते देवीच जाणे. पण एकही हुंकार चुकला नाही.

कहाणी संपली. भांडण संपलं नाही. झोपाळा, पेटी, लहानपणीची न खाल्लेली भाकरी, उठसूट नाक मुरडणारे नीरोपंतांचे कै. वडील, सगळं निघालं. मधेच तापीबाई म्हणाल्या, "घसा कोरडा पडला असेल. पाणी पी आणि मग बोल."

नीरोपंत पाणी प्यायले आणि बोलले.

सगळं जंगल दाराशी जमलं. कोल्हा कानांत बोटं घालून म्हणाला, "वहिनी, पाया पडतो, तो स्पंज काढा. पंप परवडला!"

इंद्रायणीबाईंनी त्याच्या हातावर गूळफुटाणे ठेवले. त्यांचं तोंड आनंदानं फुललं होतं. "आई बोलली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दोघंही बोलली. प्रसाद घ्या ना!"

तात्पर्य : ज्याला घरात शांतता हवी असेल, त्यानं पंपाला हात लावू नये, तो ओरडतोय तोवर सगळे सुखात आहेत. आणि देवीकडे मागताना, घरच्यांनी काय बोलावं, तेही जमल्यास सांगून ठेवावं.