राउटरचं माहेरपण

फर्मवेअर अपडेटसाठी राउटरला वर्षातून एकदा माहेरी पाठवावं लागतं, आणि सांगलीच्या ढवळीकरांनी त्यांच्या राउटरला लग्नानंतर, म्हणजे विकत आणल्यानंतर, एकदाही पाठवलं नव्हतं. शेवटी मे महिन्यात त्याचा थोरला भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला.

भाऊ सहा अँटेनांचा, भारदस्त. वृषालीने, ढवळीकरांच्या सुनेने, त्याला स्टूल आणि जवळचा प्लग दिला. गूळपाणी त्याने नको म्हटलं.

"आत्ता कसं पाठवणार?" सासूबाई म्हणाल्या. "हेमंतचं ऑफिस घरातनं चालतं. माझ्या मालिका आहेत. गणपती झाले की बघू."

"दरवर्षी हाच निरोप येतो, विहीणबाई," भाऊ शांतपणे म्हणाला. "त्याची दशा बघा. कोण कुठले लोक त्याच्यातून घरात शिरतात. अडवायचं बळच उरलं नाही."

हे खरं होतं. गेल्याच आठवड्यात कोणी परका माणूस ढवळीकरांच्या प्रिंटरवर स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका छापून गेला होता. पत्रिका घरात निघाल्या म्हणून सासूबाई त्या लग्नात जेवूनही आल्या होत्या.

"पण हे इथेच होतं ना?" वृषालीच्या नवऱ्याने, हेमंतने, विचारलं. "बटण दाबलं की झालं."

"बटण दाबून माहेरपण होत नाही, जावईबापू."

वृषाली टीव्हीमागच्या कोपऱ्याकडे बघत होती. भाऊ आल्यापासून राउटरचा दिवा एकसारखा लुकलुकत होता. तिने ओढणीने त्याच्यावरची धूळ पुसली.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली.

या घरात निर्णय देण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"सोबत घरचं माणूस लागेल," भाऊ म्हणाला. "मध्येच वीज गेली तर जवळ आपलं कोणी हवं."

"वेळ किती लागतो?" हेमंतने विचारलं.

"अपडेटला चहा होईपर्यंत. माहेरपणाला पंधरा दिवस." मग तो वृषालीकडे वळला. "वहिनी, तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?"

वृषाली आठवू लागली. "भावाच्या साखरपुड्याला. संध्याकाळी परत आले."

"म्हणजे तुमचंही जुन्यावरच चाललंय," भाऊ म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "माहेर कुठलं?"

"चिपळूण."

"मग याला तिकडेच न्या. मी येऊन अपडेट करतो. माहेरी पाठवावं एवढाच नियम आहे, कोणाच्या ते लिहिलेलं नाही."

सासूबाईंनी नियम दोनदा वाचायला लावला. त्यात खोट सापडेना. वृषालीने वायरची गुंडाळी केली, अॅडॉप्टर साड्यांच्या घडीत ठेवला आणि दुपारची एसटी धरली.

चिपळुणात आईने दारातच दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

सोळाव्या दिवशी हेमंतचा फोन आला. "कधी येताय दोघं?"

राउटर पडवीत वडिलांच्या आरामखुर्चीशेजारी वारा खात होता. वृषालीने त्याला विचारलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"चाळीस टक्के झालंय म्हणतो," ती म्हणाली, आणि आईने पुढे केलेला दुसरा आंबा घेतला.