यसूकाकी आणि डावा कान

नवी वस्तू घरात आली की लोक तिला हळदकुंकू लावतात. यसूकाकी तिचे स्क्रू काढायची.

लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ मी खोक्यातून बाहेर काढत होते, तेवढ्यात ती शेजारून आली. "आत बघितलंस का?" असं विचारलं आणि कमरेला खोचलेला पेचकस काढला. मी दहिवलीत नवी होते, शाळेत नुकतीच लागले होते, आणि शेजारणीला नाही म्हणायची इथे पद्धत आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. घड्याळ उघडलं, बघून झालं, बंद झालं. खाली दोन स्क्रू उरले. मी ते तिच्यापुढे धरले तर म्हणाली, "ते जास्तीचे असतात. कंपनीवाले भीतीपोटी टाकतात."

घड्याळ पुढे कितीतरी वर्षं चाललं. टोले मात्र ते आपल्या मर्जीने द्यायचं.

काकीचा हा स्वभाव जन्मापासूनचा नव्हता. तो भातगिरणीतून आला होता. मालक, म्हणजे काकीचा नवरा, गेले तेव्हा तिचा मुलगा सुहास शाळेत होता. भावकीने गिरणी विकायचा सल्ला दिला. काकीने सल्ला ऐकून घेतला, सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी पट्टा चढवून गिरणी चालू केली. ऐन सुगीत दारापुढे गाड्यांची रांग लागलेली असायची आणि यंत्र बंद पडायचं. खोपोलीचा मिस्त्री त्याच्या सवडीने येणार. मग काकीच उघडून बसायची. चार वेळा बिघडायचं, पाचव्यांदा चालायचं. पुढे गिरणी थकली, काकीही थकली, गिरणी विकली गेली. पण हाताची सवय काही विकता येत नाही.

त्यामुळे आमच्या आळीत इस्त्री, स्टोव्ह, शिवणयंत्र, काहीही नवं आलं की लोक ते अंधार पडल्यावर घरी आणायचे. कोंडाण्याच्या भजनी मंडळाला हे माहीत नव्हतं. त्यांनी हार्मोनियम तिच्याकडे सोपवली. दुरुस्तीनंतर तिची एक पट्टी कायमची मुकी झाली. मंडळी समजूतदार होती. तो सूर टाळून गायला शिकली.

सुहास मोठा झाला, एअरकंडिशनचं काम शिकला आणि मस्कतला गेला. मोठ्या रजेवर आला तेव्हा टीव्ही घेऊन आला, आणि त्याबरोबर एक चपटी पेटी. पेटीला वायरीने जोडलेली दोन गोल बटणं होती. आमच्याकडे रेडिओच्या बटणाला कान म्हणतात, म्हणून हेही कानच झाले. पेटी टीव्हीला जोडली की पडद्यावर दोन्ही कडांना एकेक पांढरी काठी दिसायची आणि मध्ये एक पांढरा ठिपका, तोच चेंडू. कान पिळला की काठी वरखाली व्हायची आणि ठिपका टोलवायचा. लागला की टॉक, सुटला की भॉं. एवढंच. सगळी आळी बघायला जमली होती. गाणंबिणं काही लागत नाही हे कळल्यावर अर्ध्याहून जास्त उठून गेली.

सुहास आणि काकी मात्र रजा संपेपर्यंत खेळत होते. मायलेकांचं बोलणं तसं बेताचंच. तो जेवायला काय आहे विचारायचा, ती सांगायची, की झालं. पण संध्याकाळी टॉक टॉक सुरू झालं की मध्येच काकीचं हसू ऐकू यायचं. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मग रजा संपली. वालाचं बिरडं आणि तांदळाच्या पापडांचा डबा घेऊन सुहास गेला.

पावसाळा सरला आणि एके दिवशी काकी माझ्याकडे स्पिरिट मागायला आली. पेटीचा डावा कान बिघडला होता. त्या बाजूची काठी हिवताप आल्यासारखी थडथडायची आणि चेंडू समोर आला की नेमकी पळून जायची. पेटी सुहासची, म्हणून स्पिरिट घालण्याआधी तिने जाणत्या माणसाला दाखवायचं ठरवलं. हे तिच्या हातून याआधी झालं नव्हतं. कर्जतच्या रेडिओवाल्याने बघून सांगितलं की हा भाग इकडे मिळत नाही. वर आपुलकीने म्हणाला की काकी, तुम्ही घरात एकट्या, एक कान चांगला चालतोय. भिंतीवर चेंडू मारायचा एकट्याचा खेळसुद्धा यात आहे, तो खेळा. काकीने त्याचा चहा न पिताच पेटी उचलली. मग ती एसटीने चौकला गेली. तिथे हायवेला एक जण ट्रकचे रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानेही तेच सांगितलं, फक्त जास्त नम्रपणे.

मलाही खरं म्हणजे तेच वाटत होतं. मी एकदा विचारलंच, की तुम्हाला दोन कान कशाला लागतात.

"बैलगाडीला एकच बैल जुंपशील काय गं, मास्तरीण?"

मी नाही म्हटलं. विषय संपला.

आता दुरुस्ती घरीच सुरू झाली. स्क्रू घरंगळू नयेत म्हणून काकी सगळं सुपात मांडून बसायची. आधी तिने कानात स्पिरिट घातलं. थडथड थांबली, काठीही थांबली. मग तिने काहीही न बिघडलेली पेटीसुद्धा उघडली. का, तर बघून ठेवावं. मग पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहिला, तर काठी वर गेली ती उतरायलाच तयार होईना. कोणाच्या तरी मोडक्या ट्रान्झिस्टरचा कान लावला, त्यानेही तोच प्रकार. आळीत चर्चा व्हायची. यसूकाकीचं पोर तिकडे उन्हात राबतंय आणि म्हातारी इकडे खेळण्याच्या नादी लागलीय, असंही कोणीतरी म्हणालं. काकीच्या कानावर ते गेलं. तिने त्या घराचा स्टोव्ह पुढे कधीच दुरुस्त केला नाही, आणि त्या घराची त्याबद्दल तक्रार नव्हती.

शेवटी एका सकाळी तिने मला हाक मारली. काम काही नाही म्हणाली, नुसती बस. माजघरात मालकांचा रेडिओ होता. मोठा, लाकडी, दिवे पेटून गरम झाल्याशिवाय न बोलणारा. त्याच्यावर क्रोशाचं झाकण असायचं. त्या घरात कधीही न उघडलेली तेवढी एकच वस्तू होती. काकीने झाकण काढलं, त्याची नीट घडी केली आणि ती मांडीवर ठेवली.

"याच्या आत कधी बघितलं नाय," ती म्हणाली. "मालकांना आवडायचं नाय."

मी म्हटलं, राहू द्या मग.

"तू बस गं नुसती."

तिने रेडिओची पाठीमागची फळी उघडली. आत धूळ होती आणि पालीची अंडी. तिने पदराने धूळ पुसली, अंडी अलगद कागदावर घेऊन परसात ठेवून आली, आणि मग आवाज लहानमोठा करायचा कान काढून घेतला. पेटीच्या वायरी त्याला लावून कथलाचा डाग दिला. टीव्ही लावला. काठी हलली. थडथडली नाही. काकीने उठून देवापुढे साखर ठेवली आणि मालकांच्या फोटोकडे पाठ करून मला चहा दिला.

रेडिओतल्या मोकळ्या वायरी तिने एकमेकींना जोडून टाकल्या. तेव्हापासून त्या रेडिओचे दोनच प्रकार होते. बंद, नाहीतर सगळ्या आळीला. बाजारभाव आम्हाला पेठेतल्या लोकांआधी कळू लागले.

शेंगांचे दिवस आले. आम्ही मागच्या शेतात पोपटी लावली होती, म्हणजे मडक्यात शेंगा भरून ते जाळावर ठेवलं होतं. वाटीभर गरम शेंगा घेऊन मी दुपारी काकीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून टॉक टॉक ऐकू येत होतं, म्हणून मला वाटलं की कोणीतरी पाहुणं आलंय.

कोणी नव्हतं. काकी टीव्हीपुढे मधोमध मांडी घालून बसली होती. उजव्या हातात एक कान, डाव्या हातात दुसरा. दोन्ही हातांनी ती आपणच आपल्याशी खेळत होती. मला बघून ती दचकली नाही की लाजली नाही. बस म्हणाली. शेंगा मध्ये ठेवल्या. मग मला वाटलं, आपण खेळावं तिच्याबरोबर, म्हणून मी डाव्या कानाला हात घातला.

"तो नको," ती म्हणाली. "तो सुहासचा. तू माझा घे."

आणि तिने आपला उजव्या हातातला कान माझ्या हातात दिला.

आम्ही खेळू लागलो. मी काकी होते आणि काकी सुहास होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिची काठी उलटी चालते. कान उजवीकडे पिळला की माझी काठी वर जायची, तिची खाली. डाग देताना वायरींची अदलाबदल झाली असणार. मी तसं तिला सांगितलं. म्हटलं, दोन वायरी फिरवल्या की सरळ होईल.

"ठाऊक हाय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "असू दे. तो पण तसाच. वर म्हटलं की खाली जाणार."

माझ्या हातून चेंडू सुटला. काकीने एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

"जिंकला बघ," ती म्हणाली.