दोन सुतांची खाच

जानेफळच्या शाळेत सुतारकामाचा शिक्षक नेमायचा होता आणि ती जागा तुळशीराम सुताराला मिळणार, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. तपासणीला येणाऱ्या साहेबांना फक्त एक नमुना दाखवायचा होता. कागदपत्रांसाठी नऊ कप्प्यांचं मांडण. हार्डबोर्डच्या आठ फळ्यांना अरुंद खाचा पाडायच्या आणि त्या उभ्या-आडव्या एकमेकींत अडकवायच्या. बोर्ड एक सूत जाड, म्हणजे इंचाचा आठवा भाग. खाचही तेवढीच हवी.

"हातकरवतीनं चार दिवसांत देतो," तुळशीराम म्हणाला.

शाळा समितीचे अध्यक्ष हिंमतराव खुर्चीत ताठ झाले. "गावात लाईट आली अन तू अजून हातानंच घासून राह्यला? मशीन घेऊ. चाल खामगावले."

खामगावच्या दुकानात विजेवर चालणाऱ्या दोनच करवती होत्या. एक लहान, तिचं पातळ पान शिवणयंत्राच्या सुईसारखं वर-खाली व्हायचं. दुसरी थोराड, परातीएवढ्या गोल पात्याची. तुळशीरामनं लहान करवतीच्या पानावरून बोट फिरवलं.

"भाऊ, हे घ्या. याची खाच बारीक पडते. त्या मोठीचं पातं लाकडाचे ओंडके कापाले हाय, दोन सूत खाईन ते."

"दोन्ही चालू करून दाखवा," हिंमतराव दुकानदाराला म्हणाले. लहान करवत गुणगुणली. मोठीच्या आवाजानं रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बुजला.

"हे पाह्य! मशीन म्हणजे असं पाह्यजे. ते शिंप्याचं कायले नेतं?"

"पण खाच..."

"तुले चालवाची हाय का मले शिकवाचं हाय?"

शाळेत मोठी करवत सुरू झाली तसा दिव्यांचा उजेड अर्ध्यावर आला आणि शेजारच्या वर्गातली पोरं पाहायला पळत आली. आठ फळ्या घटकेत कापून झाल्या. तुळशीरामनं त्या एकमेकींत अडकवल्या. सगळं मांडण एका अंगाला कललं आणि हळूच आडवं झालं.

"तुझा हात हालला," हिंमतराव म्हणाले.

आणखी दोन फळ्या, या वेळी सावकाश, स्वतः हिंमतरावांनी कापल्या. खाच दोन सुतांचीच.

"बोर्डच पातळ हाय," ते कपाळ पुसत म्हणाले. "आता कसं करतं?"

 तुळशीरामनं उरलेल्या नेमक्या आठ फळ्या घरी नेल्या. बारीक दातांची करवत, पटाशी आणि डोळ्यांत तेल घालून चार दिवस. बायको, रुखमाबाई, फळी हलू नये म्हणून धरून बसे. "मास्तर झाल्यावर बी हेच कराचं का?" तिनं विचारलं. तो पहिल्यांदाच हसला.

साहेब आले. त्यांनी मांडण हलवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. एका खाचेत त्यांनी पोस्टकार्डाचा कोपरा घालून पाहिला, तो गेला नाही.

"अप्रतिम! कशानं केलंत?"

हिंमतरावांनी गोल पात्यावर हात ठेवला. "हे यंत्र खामगावहून आणलं, साहेब."

साहेबांनी तुळशीरामकडे पाहिलं. नेमणूक हिंमतरावांच्याच हाती, मध्येच बोलून त्यांना खोटं कसं पाडायचं, असं त्याच्या मनात आलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"असं यंत्र असताना शिक्षकाची जागा कशाला?" साहेबांनी टिपण केलं. "बटण दाबायला कुणीही चालेल. जागा रद्द."

हिंमतरावांचा हात पात्यावरून खाली आला.

दुपारी ते तुळशीरामच्या दारात आले. बसले नाहीत.

"मनाले लावून घेऊ नको. साहेबाच्या हातापाया पडून एक शिपायाची जागा मागितली. तुझं नाव देऊ?"

"काम काय?"

"मशीन पुसाची."

"चालवाची नाही?"

"नाही बापा!" हिंमतराव घाईनं म्हणाले. "चालवली त समद्याइले कळन."

आत रुखमाबाईचं भांडं वाजलं आणि थांबलं. तुळशीरामनं हातावरचा भुसा झटकला.

"हाव," तो म्हणाला. "द्या नाव."