फणसे भियांची तिसरी रेस

आमच्या अन्नपूर्णा भागातले फणसे भिया (इकडे हिंदी मुलखात भैयाचं 'भिया' होतं) सकाळी पोहे आणायला गाडी काढतात आणि गल्लीभर नागमोडी चालवतात. वेग वीसचा. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस सकाळीच टाकून आलाय. जवळ जाऊन विचारलं, तर हातमोजा घातलेला हात काचेबाहेर काढून म्हणाले, "टायर गरम करतोय, सरजी. थंडे टायर रस्ता पकडत नाहीत." टायर गरम होईपर्यंत पोह्यांचं दुकान येतं.

हे भिया सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मशीनं सांभाळतात. पण पंधराएक वर्षांपूर्वी ते रेसिंग ड्रायव्हर होते. चांगले पगारी. दक्षिणेतल्या एका टीमने त्यांना घेतलं होतं. एवढं सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यापुढचं कुणालाच नाही.

यंदा गणेशोत्सवात मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला आणि परिचय लिहायचं काम, मी शाळामास्तर म्हणून, माझ्या गळ्यात पडलं. कागद-पेन घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"एकूण रेस किती?"

"तीन. म्हणजे अडीच समजा."

मी अडीच लिहिलं, मग खोडलं. "नंबर कितवा आला?"

"पहिलीत इंजन बसलं. दुसरीत अकरावा."

"आणि तिसरीत?"

"तिसरी एकदम मस्त चालली होती. चहा घेणार ना?"

चहा आला, तिसरी रेस आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "ती खतम झाली, पण माझी नाही झाली." माझं डोकं चक्रावलं. शेवटी वहिनींना गाठलं.

"मला काय माहीत, भाऊजी! लग्नाच्या आधीचं ते. मी विचारलं की हे उठून गाडी पुसायला जातात."

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पहिला नंबर लिहून टाका, कोण बघतंय?" मीही कंटाळलो होतो. लिहून टाकलं आणि भियांना वाचून दाखवायला गेलो. 'तिसऱ्या रेसमध्ये प्रथम क्रमांक' ऐकताच ते ताडकन उठले.

"हे झूठ आहे, सरजी. काटा ते."

"मग खरं काय ते सांगा एकदाचं!"

ते परत खुर्चीत बसले. "पुढची गाडी पलटी झाली. मी थांबलो."

"रेसमध्ये?"

"आता माणूस उलटा लटकलेला दिसतोय! राजवाड्याच्या चौकात कुणाची स्कूटर घसरली तर दहा जण धावत नाहीत काय? मी पण पट्टा खोलला अन् पळालो. क्या हुआ भिया, क्या हुआ, करत."

तिथे असं करायचं नसतं म्हणे. उचलायला वेगळी माणसं असतात आणि मध्येच थांबलेल्या गाडीवर मागचे येऊन आदळतात. कुणी आदळलं नाही, हे नशीब. भिया पोहोचेपर्यंत तो ड्रायव्हर आपला आपणच बाहेर आला होता आणि उलट भियांवरच ओरडत होता. त्याच संध्याकाळी टीमने भियांना घरी पाठवलं.

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"गलती केली ना मी?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाच विचारलं नसावं. नियम पाहावा तर चूक होती, पण तसं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी नुसतं 'प्रथम क्रमांक' खोडलं आणि 'तिसऱ्या रेसमध्ये थांबले' असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"त्याला लागलं नव्हतं ना पण?" मी विचारलं.

"दिसत तर नव्हतं. पण अंदरचा मार नंतर कळतो, सरजी. म्हणून मी निघताना त्याला माझा नंबर लिहून दिला. म्हटलं, काही वाटलं तर फोन कर."

"केला?"

"अजून तर नाही." त्यांनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. "ही म्हणते, नंबर बदला, घरात रेंज येत नाही. पण त्याच्याकडे हाच आहे ना."