जपानच्या वाटेवरची चूल

आधीच सांगून ठेवतो, मी काही असातसा विद्यार्थी नव्हतो! धारच्या एका विद्योत्तेजक मंडळाच्या परीक्षेला त्या साली एकोणीस उमेदवार बसले आणि पहिला नंबर आला तो या शालिग्रामचा. शिष्यवृत्ती कसली? तर तीन वर्षं जपानला राहून आगकाड्या तयार करायची विद्या शिकून यायचं आणि सगळा खर्च मंडळाचा! जपानने रशियाला लोळवल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. आमच्या देवासात जो तो नुसतं जपानचं नाव घेऊन मिशांना पीळ भरत होता, आणि मी तर तिथे सदेह जाणार होतो.

आईला, म्हणजे आमच्या माईला, राजी करायला मात्र पंधरा दिवस लागले.

"हे जपान कलकत्त्याच्या अलीकडे की पलीकडे?" तिने विचारलं.

"किंचित पलीकडे," मी म्हणालो. मधल्या पाण्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

आता राहिली होती फक्त घरची पाहणी, मंडळाचा तपासनीस गुरुवारी येणार होता, आणि तिथेच गोम होती. आमचं देवास गाव एक, पण राज्यं दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू ह्यांची, ती बाजू त्यांची. आमच्या घराची तर आणखीच तऱ्हा. पुढची बैठक धाकट्या पातीत आणि मागचं स्वयंपाकघर थोरल्या पातीत! "पान वाढलंय" ही हाक मी एका राज्यात ऐकायचो आणि जेवायला दुसऱ्या राज्यात जायचो.

दोन्ही पात्यांत रुसवेफुगवे नकोत म्हणून मंडळाने नियम केला होता. शिष्यवृत्ती एका साली थोरल्या पातीच्या मुलाला, पुढच्या साली धाकट्या पातीच्या. मुलगा कुठल्या पातीचा हे ठरायचं चुलीवरून. घरातली पेटती चूल ज्या पातीत, त्या पातीचा तो मुलगा. नियमपत्रक मला तोंडपाठ होतं. एकोणीसशे सहा हे साल होतं धाकट्या पातीचं आणि आमची चूल थोरल्या पातीत! दुसरा नंबर आलेला तुकोजीराव नखशिखांत धाकट्या पातीतला. तो माझ्या नावावर काट बसायची वाट बघत होता.

पण मी काय हातपाय गाळणार? चूल म्हणजे काही मांडूचा किल्ला नव्हे, हलणार नाही असा! म्हटलं, पुढच्या बैठकीत नवी चूल मांडायची, तपासनिसाला दाखवायची, तो गेला की उचलून ठेवायची. झालं!

घरात मात्र कुणाला कळू द्यायचं नव्हतं. माझा थोरला भाऊ गोपाळराव थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून. दादा इतका सरळ की कचेरीतला एखादा कोरा कागद चुकून दप्तरातून घरी आला, तर जेवणाआधी परत नेऊन ठेवायचा. तो असल्या लटपटीला कधी होकार देणार? आणि यमुनावहिनीची चूल हलवायची तर आधी वहिनीला हलवायला हवं होतं. ते तर दोन्ही पात्यांच्या फौजांना जमलं नसतं.

सोमवारी दादा कचेरीत गेला, माई आणि वहिनी टेकडीवर देवीला गेल्या, आणि मी कुंभारवाडा गाठला.

"कईं भिया, चूलो?" कुंभारीण म्हणाली. "घर में तो चूलो है नी! न्यारा हुई रिया हो कईं?"

न्यारा होणं म्हणजे वेगळं निघणं, पण माझं सगळं लक्ष चूल दारातून आत जाईल की नाही याच्यावर. "हाँ हाँ, जल्दी दो!" मी म्हणालो.

तिने चूल डोक्यावर घेतली. मी पुढे, चूल मागे, अशी आमची मिरवणूक भरबाजारातून निघाली. वाटेत जो विचारेल त्याला ती बाई थांबून सांगत होती. "शालिग्राम भिया न्यारा हुई गया! बापड़ी माई!" मला वाटलं, भाव सांगत असेल.

घरी येऊन मी चूल मांडली. ती वापरातली दिसावी म्हणून खिचडी टाकायची ठरवली. आयुष्यात पहिल्यांदा मी चूल पेटवत होतो. सात काड्या वाया गेल्या, आठवीने माझ्या धोतराचा सोगा पेटला आणि नववीने एकदाची चूल. बैठकीत असा काही धूर कोंडला की खुंटीवरची पगडी दिसेना!

इतक्यात माई आणि वहिनी दारात.

"शालिग्राम, हे काय रे?" माई म्हणाली.

"चूल."

"ती दिसतेय मला. कशाला?"

"गुरुवारपर्यंत काही विचारू नका! गुरुवारी सगळं कळेल."

वहिनी या घरात आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझ्या मुंजीत माझ्यापेक्षा जास्त ती रडली होती. ती चुलीजवळ आली, पातेल्यात डोकावली, "पाणी कमी पडलंय," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मग आतून मुसमुसण्याचा आवाज आला. मला वाटलं, धूर लागला असेल.

संध्याकाळी दादा आला. बाजारातून येतानाच त्याला सगळी हकीकत कळली होती. त्याने पगडी उतरवली आणि कितीतरी वेळ हातातच धरून बसला.

"गुरुवारी पंच येणार म्हणे?"

"पंच कसले? एकच तपासनीस आहेत. धारहून येतायत."

"धारहून! म्हणजे गावातली माणसंही नकोत तुला." दादाने पगडी खाली ठेवली. "शाळ्या, एवढं मनात होतं तर मला सांगायचंस. मी अर्ध्याला नाही म्हटलं असतं का?"

मी म्हटलं, वा! दादाने सगळं ओळखलं आणि वर मदतीलाही तयार!

"अर्धं कशाला, दादा? मला नुसती बैठक पुरे!"

दादा उठला आणि आत गेला. केवढा मोठा मनाचा भाऊ, असं माझ्या मनात आलं.

दिवेलागणीला माईने मागच्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. "मी जिवंत आहे तोवर एका घरात दोन चुली पेटायच्या नाहीत," ती म्हणाली. "धाकट्याची पेटलीय ना? मग ही विझली!"

तेव्हापासून माझ्या घरची तिन्ही माणसं फुटाण्यांवर आणि केळ्यांवर. माझ्या चुलीवरचं ती खाईनात आणि मागची पेटवीनात. दादा कचेरीत जायचा तोही मूठभर फुटाणे उपरण्यात बांधून. मी समजलो की चूल हलवल्याचा राग आहे, गुरुवारी जपानचं पक्कं झालं की उतरेल. मी आपला करपलेली खिचडी गिळत आणि चुलीत लाकडं सारत बसलो. काय सांगू, स्वतःची अक्कल माणसाला किती गोड वाटते!

गुरुवारी सकाळी दारात बैलगाडी थांबली आणि पीपलरावां गावाहून आमचे भगवंतमामा उतरले. मामांना आयुष्यात एकच शौक, दुसऱ्यांच्या घरच्या वाटण्या करायचा.

"आजवर सात घरं वाटली!" आल्या आल्या मामा गरजले. "एकाही घरात डोकं फुटलं नाही! आणा भांडी!"

बघता बघता बैठकीत भांड्यांचे दोन ढीग लागले. परात इकडे, घंगाळ तिकडे. कढई एकच होती. ती हातात घेऊन मामा एकदा या ढिगाकडे बघत, एकदा त्या.

"मामा, हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वाटणी!"

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुझी! वेगळा निघालास ना? सगळं देवास बोलतंय!"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. कुंभारीण, वहिनीचे डोळे, दादाचं 'अर्धं', माईचे फुटाणे! मी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं. तीन दिवसांत त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. मला लाज लाज वाटली. "दादा, अरे..." मी तोंड उघडलं, आणि नेमका त्याच वेळी दारात टांगा वाजला.

मंडळाचे तपासनीस उदाजीराव आत आले. धिप्पाड गडी, झुपकेदार मिशा, काखेत वही. भांड्यांच्या ढिगांमधून वाट काढत ते म्हणाले, "उमेदवार कोण? चूल दाखवा."

एकीकडे दादा, एकीकडे जपान. खरं सांगायचं तर मी जपानच्या बाजूला झुकलो. म्हटलं, हे एवढं उरकू, मग दादाचे पाय धरू.

"ही बघा! पेटती चूल, भर धाकट्या पातीत!"

उदाजीरावांनी वहीत लिहिलं. "फार छान. मग तुमचं जपान राहिलं."

"राहिलं? का?"

"नियमपत्रक वाचलंत ना?"

"तोंडपाठ आहे!"

"मग कलम सहा म्हणा बघू."

मी छाती काढून सुरुवात केली. "कलम सहावे. या पत्रकात साल म्हणजे पाहणीच्या दिवशी चालू असलेले फसली साल समजावे, इंग्रजी..." आणि माझा आवाज तिथेच विरला. पाठ सगळं होतं हो, अर्थ तेवढा बघायचा राहिला होता!

"फसली, म्हणजे शेतसाऱ्याचं, साल बदलतं कधी?" उदाजीरावांनी विचारलं.

"मृगाला," भिंतीजवळून दादा म्हणाला. कारकुनाची सवय! "काल मृग लागला. कालपासूनच नवं साल."

"आणि हे नवं साल थोरल्या पातीचं," उदाजीराव म्हणाले.

म्हणजे आमची पहिली चूलच बरोबर होती! दादा रोज कचेरीत फसली तारीख घालत होता. त्याला एक शब्द विचारला असता तर ही वेळ आली नसती. 

"ही चूल खोटी आहे!" मी ओरडलो. "मी काही वेगळा निघालो नाही! हे सगळं फक्त तपासनिसांना दाखवायला केलं! दादा, वहिनी, माई, मला माफ करा!" आणि कुंभारणीपासून खिचडीपर्यंत सगळं भडाभडा ओकून टाकलं.

"म्हणजे तू वेगळा होत नाहीस?" दादाने विचारलं.

"मी कशाला वेगळा होऊ? मला साधी भाकरी तरी येते का?"

वहिनी हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून रडायलाच लागली. माईने हाताला आलेली पळी उचलली. "मेल्या, तीन दिवस फुटाणे खायला लावलेस! दात आहेत का मला?"

उदाजीराव मात्र गंभीर झाले. "गोपाळराव, तुम्ही सरकारी माणूस. खरं काय ते सांगा. या घराची चूल कुठली?"

 दादाचा सरळपणा मला ठाऊक होता. आता हा माझ्या लबाडीची साक्ष देणार आणि माझं जपान कायमचं बुडणार!

"या घराला चूल एकच," दादा म्हणाला. "मागची, थोरल्या पातीतली. वीस वर्षं तीच आहे. ही पुढे मांडलीय ती चूल नव्हे, माझ्या भावाचा मूर्खपणा आहे. त्याचा जामीन मी राहतो, कागद द्या."

माझे डोळे भरून आले. धूर नव्हता तो.

"ठीक आहे," उदाजीराव म्हणाले. "पण नियमात 'पेटती चूल' असं आहे. मागची पेटवून दाखवा."

आम्ही सगळे मागे धावलो. मी ऐटीत आगपेटी घेतली. चांगली जपानी पेटी होती! पहिली काडी मोडली. दुसरीचं गूल उडून मामांच्या मांडीवर पडलं. तिसरी फुरफुरून विझली. घामाने हात ओले, माईने ओतलेल्या पाण्याने लाकडं अजून दमट! पेटी संपली तरी जाळ नाही. उदाजीरावांच्या मिशा थरथरत होत्या, रागाने की कशाने ते कळेना.

तेवढ्यात वहिनी सांडशीत निखारा धरून आली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "हा पुढच्या चुलीतला, धाकट्या पातीतला आहे. इकडे चालेल का?"

उदाजीरावांनी नियमपत्रक काढलं, दोन्ही बाजूंनी नीट वाचलं. "निखाऱ्याबद्दल काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "आणा आत."

वहिनीने निखारा ठेवला, दोन फुंकर घातल्या आणि चूल पेटली. माईने लगेच पिठलं टाकलं. उदाजीरावांनी वहीत शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचला. "उमेदवाराची चूल थोरल्या पातीत, पेटती. उमेदवारास आगकाडी ओढता येत नाही. सबब हे शिक्षण त्याला तातडीने देणे जरूर आहे!" आणि मग ते इतके हसले की भांड्यांचा एक ढीग कोसळला.

"अहो, पण ही कढई कुणाची?" मामा अजून कढई धरूनच होते.

"श्रावणात मुंबईहून आगबोट सुटते," निघताना उदाजीराव म्हणाले.

"बोट?" माईची पळी थांबली. "कसली बोट?"

मी आढ्याकडे बघायला लागलो. दादा जन्मात पहिल्यांदा अर्धवट खरं बोलला. "काही नाही गं माई. कलकत्त्याच्या किंचित पलीकडे थोडं पाणी लागतं."

मी गेलो, तीन वर्षं शिकलो आणि परत आलो. आज देवासात माझा स्वतःचा आगकाड्यांचा कारखाना आहे! पहिली पेटी मी वहिनीच्या हातात दिली, पायांवर डोकं ठेवलं. सगळं घर चुलीभोवती जमलं. वहिनीने कौतुकाने पहिली काडी ओढली. मग दुसरी. मग पाचवी. मग सांडशी उचलली आणि निखारा आणायला शेजारणीकडे गेली.

शेजारीण धाकट्या पातीत राहते. माझी पेटी तुम्हीही जरूर घ्या हो, देशी माल आहे. फक्त घरात एखादा निखारा राखून ठेवा.