टिंब गेलं, मात्रा आली

घरातला मान वयावरून ठरतो, असा एक जुना गैरसमज आहे. मान पथ्यावरून ठरतो. ज्याचं पथ्य कडक तो वडीलधारा, मग त्याला शेपूट का असेना.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव मुकादम. रंग पिवळा, एक कान फाटका, वय मांजरांच्या हिशेबात पेन्शनीतलं. (मुकादम अशासाठी, की स्वतः काडी हलवायची नाही आणि दुसरा काम करायला लागला की समोर येऊन बसायचं.) गेल्या वर्षापर्यंत त्याचा उल्लेख साधाच व्हायचा. "मांजर कुठंय?" "ते झोपलंय." "जेवलं का?" "जेवलं असेल." एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

मग ते वाटीभर पाणी पिऊन पुन्हा वाटीपाशीच बसायला लागलं. वाळूचं घमेलं सकाळी बदलावं तर दुपारी चिखल. अंगानं वाळत चाललं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानातून थेंबभर रक्त घेतलं, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साखर आहे."

"चालेल, पण कमीच घाला," हे म्हणाले. त्यांना वाटलं चहा येतोय.

मांजराला मधुमेह झाल्याचं ऐकून शंभरातली नव्वद माणसं आधी हसून घेतात. उरलेली दहा हळूच औषधाचं नाव विचारतात, स्वतःसाठी.

उपचाराची पद्धत सोपी. सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या वेळी, आधी जेवण, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्शुलिनची सुई. कामाची वाटणी अशी झाली: टोचणे, मी. धरणे, हे. देखरेख, सासरे (खुर्चीतून). वास्तविक मुकादमांना धरायची गरजच नव्हती. त्यांचं तोंड ताटलीत असे, सुई कधी आली नि गेली त्यांना पत्ताही लागत नसे. धरावं लागायचं ह्यांना. सुई दिसली की भिंतीकडे तोंड करून विचारायचे, "झालं?"

याच काळात आमच्या घरच्या व्याकरणात फरक पडला. कुणी ठराव केला नाही, पण "ते जेवलं का?"चं एके दिवशी "ते जेवले का?" झालं. एवढं पथ्य पाळणाऱ्याला नपुंसकलिंगी एकवचनात ठेवणं कुणाच्याच जिभेला बरं वाटेना. 'ल'वरचं टिंब गेलं, तिथे मात्रा आली.

ही मात्रा लागू पडली ती ह्यांच्या ऑफिसात.

हे दुपारी आपल्या टेबलावरून फोन करायचे. "ते जेवले का? सगळं संपवलं? आणि शू? कपाटामागे? जाऊ दे गं, रागावू नकोस. वय झालंय त्यांचं." आजूबाजूच्या टेबलांवरची कामं थांबायची. शेवटी साहेबांनी ह्यांना आत बोलावलं.

"घरी साखर कुणाला?"

"आमच्या घरात एक वयस्कर आहेत ना, त्यांना. संध्याकाळची सुई असते."

"टोचताना धरावं लागतं?"

"मीच धरतो."

साहेबांनी चष्मा पुसला. "हल्ली कोण करतं हो एवढं! उद्यापासून साडेपाचला निघत जा." (यात खोटं एक अक्षर नाही. एकच शब्द बोलायचा राहिला, आणि तो कुणी विचारला नाही.)

त्यामुळे भांडी घासून पालथी घातल्यावर उगवणारा माणूस उजेडात घरी यायला लागला. सुई झाली की चहा, चहा झाला की बापलेकांचे पत्ते. सासरे पत्ते लपवायचे, हे भांडायचे.

"टक्कल पडलंय की रे तुला!" सासरे पहिल्याच आठवड्यात म्हणाले.

"बाबा, दहा वर्षं झाली त्याला."

"असेल. मी तुला दिव्याखालीच बघतो ना नेहमी."

सासऱ्यांचा दोष एवढाच, की ते ठणठणीत आहेत. दात स्वतःचे, रक्तदाब तरण्या पोराचा, साखर सरळ रेषेत. अशा माणसासाठी कुठलंही ऑफिस कुणाला लवकर सोडत नाही, आणि ते योग्यच आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टरीणबाईंनी घात केला. "अभिनंदन! साखर उतरली. काही मांजरांमध्ये होतं असं. सुई बंद."

घरी येऊन ही बातमी सांगितली तेव्हा सासरे हातातले पत्ते पिसत होते. म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या. घाई नको."

पण हे पडले प्रामाणिक. साहेबांना जाऊन सांगितलं, "बरे आहेत आता. सुई बंद झाली." साहेबांना मनापासून आनंद झाला. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि तुंबलेल्या फायली ह्यांच्या टेबलावर पाठवून दिल्या. भांडी पुन्हा आधी पालथी पडायला लागली. सासरे दोन डाव वाटायचे आणि दोन्हीकडून खेळायचे. लबाडी मात्र बंद झाली. स्वतःला फसवण्यात त्यांना मजा वाटेना.

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सासरे फरशीवर बसलेले. एरवी ते खुर्ची सोडून खाली बसत नाहीत. मुकादमांच्या ताटलीत त्यांनी क्रीमचं बिस्कीट कुस्करलं होतं आणि हळू आवाजात समजावत होते, "खा हो. एवढं एकच. म्हाताऱ्याचं ऐकावं माणसानं."

मुकादमांनी वास घेतला, पंजानं फरशी उकरून बिस्कीट पुरल्यासारखं केलं आणि निघून गेले. (मांजराला गोडाची चव कळतच नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सासऱ्यांना ते सांगायचं राहून गेलं.)

"बाबा, हे काय चाललंय?"

"काही नाही गं, उरलं होतं." मग ताटलीकडे बघत म्हणाले, "थोडीशी चढली असती तरी चाललं असतं. जास्त नको. साडेपाचपुरती."

मी त्यांना हात देऊन उठवलं, खुर्चीत बसवलं आणि ऑफिसात फोन लावला.

"अहो, आज लवकर या."

"का? त्यांना काही झालं का?"

"कुणाला?" मी विचारलं.

पलीकडे फाईल मिटल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "मुकादमांना."

"नाही. ते बरे आहेत."

"मग बाबांना?"

"तेही बरे आहेत."

"हात्तिच्या! घाबरवलंस ना मला," हे म्हणाले. "मग उशीर होईल गं. जेवून घ्या तुम्ही."

ह्यांना कुणी नावं ठेवू नयेत. तुम्ही तर मुळीच नाही. तुम्ही ही हकिगत इथपर्यंत निवांत बसून वाचलीत, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. म्हणजे साखर झालेलं मांजर तुमच्याकडे नाही, हे उघड आहे. नुसते आई-वडील असतील.