मोफत एकोणीस ठिकाणं

यादी मुलाने केली होती आणि ती मुलासारखीच होती. राजधानीत फुकट पाहता येण्यासारखी एकोणीस ठिकाणं, प्रत्येकापुढे बसचा नंबर, पाहायला लागणारी मिनिटं आणि शेवटी खूण करायला एक रिकामा चौकोन. मुलगा रेल्वेच्या वेळापत्रकांच्या कचेरीत होता. कुठल्या गाडीचे कुठले थांबे काढले की ती किती लवकर पोचते, यात त्याचा हातखंडा होता. आणि माणूस कचेरीत जे करतो ते घरी करायचं सोडत नाही.

वडील मापाडी. चाळीस वर्षं धान्यबाजारात पोती तोललेली. घेणारा आणि देणारा कितीही भांडोत, ते एकच सांगायचे, की भांडा, पण काट्याला बोल लावू नका. बायको जाऊन सात महिने झाले होते. मुलाने तीन आठवडे राहायला बोलावलं, तेव्हा त्यांना राजधानीतलं एकच ठिकाण पाहायचं होतं: जरा निवांत बसलेला मुलगा. ते यादीत नव्हतं.

पहिल्या दिवशी घंटाघर होतं. पायऱ्या तीनशे बारा. सतराव्या पायरीवर गुडघ्यांनी असहकार पुकारला. मुलाला सांगावं, तर तो तासाभरात डॉक्टरची वेळ घेणार आणि पोराच्या मागे आपली आणखी एक कटकट लागणार. म्हणून मापाडी गुपचूप खाली उतरले आणि समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरले. ते निघालं वजनामापांचं संग्रहालय. यादीत एकोणिसावं, अगदी तळाला. प्रवेश मोफत असूनही गर्दी नाही.

आत मधोमध माणसं तोलायचा जुना तराजू होता. बाकाएवढी दोन पारडी. दोघांनी समोरासमोर बसायचं, पहारेकऱ्याने दांडीतली लोखंडी खीळ काढायची, की कोण भारी ते कळायचं. पुन्हा खीळ घातली की दांडी आहे तिथे ठरायची, मग एकेकाने उतरायचं. एकट्याने आलेल्याला त्याचा उपयोग शून्य. मापाडी रोज येऊन त्याच्याकडे बघत बसू लागले. पहारेकऱ्याशी गट्टी जमली. दारातल्या टेबलावर शहरभरच्या ठिकाणांची माहितीपत्रकं फुकट मिळत. ती वाचून ते संध्याकाळी यादीवर खुणा करत आणि जेवताना न पाहिलेल्या बागांची, कारंज्यांची रसभरित वर्णनं करत. सूनबाई तर म्हणाली, इतकी वर्षं इथे राहून आपण फुकट गेलो.

इथे मापाड्यांचं माप चुकलं. मुलगा खूश होतो म्हणून ते दिवसाला दोन-दोन खुणा करायला लागले. नवव्या दिवशी मुलाने यादी पाहिली.

"वा, एकच राहिलंय. मग तीन आठवडे कशाला थांबायचं बाबा? तुम्हालाही घर दिसत असेल."

आणि त्याने परवाचं तिकीट काढून टाकलं. गाडी सगळ्यात वेगाची, मुलाच्याच हाताखालून गेलेली.

आता खरं सांगावं तर लबाडी उघडी पडते, न सांगावं तर गाडी पकडावी लागते. जन्मात पहिल्यांदा खोटं माप केलं आणि ते स्वतःच्याच पदरात पडलं. मापाडी म्हणाले, "शेवटचं पाहायला तू चल. एकट्याला ते दिसत नाही."

मुलाने जायच्या दिवशी दुपारची चाळीस मिनिटं काढली. नियमाप्रमाणे फोन दारात जमा केला, एका पारड्यात बसला, दुसऱ्यात वडील बसले. पहारेकऱ्याने खीळ काढून मापाड्यांच्या बाजूच्या कठड्यावर ठेवली. मुलाचं पारडं धप्पकन जमिनीला टेकलं आणि वडील छातीएवढ्या उंचीवर जाऊन पाय लोंबकळत राहिले.

मुलगा बघतच राहिला. "बाबा, इतके हलके कधी झालात?"

"काटा बिघडलाय," मापाडी म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून चाळीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

पहारेकरी खीळ घालायला वळला, तर खीळ जागेवर नाही. त्याने कठड्यामागे पाहिलं, पारड्याखाली पाहिलं आणि कोठीत बघून येतो म्हणून जो गेला तो गेलाच. मुलगा उठायला लागला तसं वडलांचं पारडं गचकन खाली आलं.

"उठू नकोस. तू उठलास की मी आपटलो."

खाली सरकवायला एक स्टूल होतं, पण तेही दोनशे वर्षांचं, दोरीच्या आत, 'हात लावू नये' अशी पाटी मिरवत.

"मग उडी मारा. चार फूट तर आहे."

"गुडघे साथ देत नाहीत रे."

"गुडघे? तुम्ही घंटाघर चढलात ना?"

"सतरा पायऱ्या."

"आणि किल्ला? मोठी बाग?"

मापाड्यांनी बोटाने समोरचं बाक दाखवलं. इतके दिवस ते कुठे बसले होते, हे सांगायला तेवढं पुरलं.

दोन वाजता मुलाची बैठक होती. दारात त्याचा फोन वाजून वाजून थकला. आई गेल्यापासून बापलेक इतका वेळ समोरासमोर बसले नव्हते. तेव्हाही मुलगा परतीचं तिकीट काढूनच आला होता. आधी तो चिडला, मग पहारेकऱ्याच्या नावाने ओरडला, मग बोलायचं संपलं म्हणून त्याने विचारलं, घरी जेवणाचं काय करता.

"करतो की. पण हाताला दोघांचंच माप बसलंय. एकाचं जमत नाही." मापाडी आपल्या लोंबत्या पायांकडे बघत म्हणाले. "उरतं."

मुलाने मग उठायची घाई केली नाही.

दीड तासाने पहारेकरी शेजारच्या कचेरीतून शिडी घेऊन आला आणि उशिराबद्दल माफी मागू लागला. मुलगा म्हणाला, घाई नव्हती. हा शब्द त्याला येतो, हे वडलांना नवीन होतं.

शेवटची खूण मापाड्यांनी केली. तेवढीच एक खरी.

संध्याकाळी फलाटावर दोघेही वाट बघत होते. मुलगा बघत होता की बाबा म्हणतील, राहू का. बाबा बघत होते की मुलगा म्हणेल, राहा. गाडी तेवढी वेळेवर आली. खिडकीतून मापाड्यांनी गाठ मारलेला रुमाल त्याच्या हातात दिला. त्या पहारेकऱ्याला दे म्हणाले, भला माणूस आहे, सगळं ठाऊक असून तोंड उघडलं नाही त्याने.

गाडी हलली. मुलाने गाठ सोडली. आत वीतभर लोखंडी खीळ होती.

त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"बाबा, ही कुठे बसते ते मला कळायचं नाही. तुम्हीच येऊन घाला. पुढच्या स्टेशनवर उतरा, मी न्यायला येतो."

चाकांचा आवाज वाढत होता.

"पुढचं स्टेशन सकाळी आहे रे," मापाडी म्हणाले.

मुलाला ते आधीच आठवायला हवं होतं. मधले सातही थांबे त्यानेच काढले होते.